हात लावल्याचा वाटा

लाकडातलं मला काही कळत नाही, हे गौरव्वानं पहिल्याच भेटीत सांगितलं. पुढची सात वर्षं मी तिचं म्हणणं खरं करून दाखवत राहिलो. ती गेली त्या दिवशीही मी त्यात कसूर केली नाही.

लढाईची वर्षं होती आणि आमच्यावर निजामाचं राज्य होतं. मी नळदुर्गच्या सरकारी शाळेत उर्दू आणि इतिहास शिकवत होतो. मुलं घरी मराठी बोलत, काही कानडी बोलत, आणि शाळेत येऊन उर्दूतून नापास होत. मी हैदराबादेत शिकून आलो होतो. गावात माझ्याइतकी पुस्तकं कुणाकडे नव्हती आणि माझ्याइतकं बिनकामाचं माणूसही नव्हतं. यातली पहिली गोष्ट मला चांगली ठाऊक होती.

सकाळी शाळेच्या आधी मी सोलापूरच्या सडकेनं फिरायला जात असे. हातात पुस्तक. चालता चालता वाचायची सवय होती. दोनदा मी समोरून येणाऱ्या बैलगाडीवर आदळलो, आणि दोन्ही वेळा चूक बैलांची होती असं माझं मत झालं. त्या दिवसांत सडक रुंद करण्याचं काम चाललं होतं. दोन्ही बाजूंच्या जुन्या चिंचा, लिंब, बाभळी पाडत होते. गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, माणसं खोडं कापून गाडीवर घालून नेत. मागं फांद्या, काटक्या, ढलप्या पडून राहत. त्या कुणाच्याच नव्हत्या, म्हणून गावातल्या बायका पहाटेच तिथं जमत.

गौरव्वा आमची शेजारीण. लिंगायत घरातली विधवा, साठीच्या आसपासची, उंच, काटक, कपाळाला विभूतीचे पट्टे आणि गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. बोलताना मराठी आणि कानडी अशी मिसळायची की कुठं एक संपली आणि दुसरी लागली ते कळू नये. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिनं आपली मोळी मैलाच्या दगडाला टेकवून उभी केली होती. डोक्यावर चुंबळ ठेवली, गुडघ्यावर बसली, डोकं मोळीखाली नेलं, आणि आता उठणार तोच मी धावलो. पुस्तक काखेत मारून दोन्ही हातांनी मोळी वर उचलून दिली.

"बेड, बेड," ती म्हणाली. कानडीत याचा अर्थ नको, एवढं मला कळत होतं. पण नको म्हणणं हा विनय असतो, हे मी पुस्तकांतून शिकलो होतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, तुमाला लाकडातलं काय कळत न्हाय." आणि चालू लागली. घरी आलो तर आमच्या पायरीवर चिंचेचं एक जाडजूड, सरळ लाकूड पडलेलं. मोळीतलं सगळ्यांत चांगलं.

मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मोळीला हात लावला. पायरीवर पुन्हा लाकूड. मग रोजचंच झालं. ती मला लांबून येताना बघून घाईघाईनं मोळी उचलायला लागली, तर मी पावलं उचलून वेळेवर पोचायला लागलो. एकदा तर ती चिंचेच्या बुंध्याआड जाऊन बसली होती. मी शोधून काढली आणि मदत केली. वर्गात मुलांना इतिहास शिकवताना मी हे उदाहरण दिलं, की खेड्यातली माणसं गरीब असतात पण उपकार विसरत नाहीत. मुलं एकमेकांकडे बघून हसली. मला वाटलं, लहान आहेत.

तीन-चार महिन्यांनी एकदा जेवताना यमुनेनं, माझ्या बायकोनं, विचारलं, "तुम्ही गौरव्वांच्या मोळीला रोज हात का लावता?"

"मदत नको करायला?"

"गल्लीत काय म्हणतात ठाऊक आहे? मास्तर चांगला पगार घेतो, पण चूल म्हातारीच्या मोळीवर चालवतो."

मग तिनं मला रीत सांगितली. पाडलेल्या झाडाच्या फांद्यांचा एकच नियम होता: ज्याला जेवढं आपलं आपण उचलून डोक्यावर घेता येईल, तेवढं त्याचं. दुसऱ्याचा हात लागला तर मोळीतलं एक लाकूड त्या हाताचं. आणि वाटा द्यायचा तो उत्तमातला द्यायचा, काटकी देऊन भागत नाही. म्हणून त्या बायका कुणी कुणाला हात लावत नसत, आणि मी त्यांना आपसांत निष्ठुर समजत होतो.

मी तसाच हात धुऊन गौरव्वाकडे गेलो. ती परसात लाकडं रचत होती. तिच्या परसात भिंतीला लागून लाकडांची दुसरी भिंत होती. चिंच वेगळी, बाभूळ वेगळी, लिंब वेगळा.

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. "तुम्ही सांगायचं तरी."

"सांगितलं की. बेड म्हणलं."

"मग वाटा द्यायचा नाही. मी काय मागायला आलो होतो?"

"हात लागला म्हंजी लागला. तुमी शिकल्याले, म्हणून म्या रीत सोडू?"

"मी ती लाकडं परत करतो."

"जाळली का न्हाय?"

"जाळली."

"मग राख आणून द्या. भांडी घासाया व्हईल."

यमुनेनं दुसऱ्या दिवशी खरंच टोपलीभर राख नेऊन दिली. गौरव्वानं ती घेतली. तेव्हापासून माझं आणि गौरव्वाचं बरं जमलं.

तिच्या बोलण्यात माणसंही लाकडांच्या जातीची असत. चिंचेचा निखारा म्हाताऱ्यासारखा, बोलत नाही पण राहतो. बाभळीचा तरुण पोरासारखा, आधी चटचट करतो मग कामाला लागतो. आमचे हेडमास्तर तिच्या मते पांगारा होते, दिसायला लालभडक, जळायला नुसता धूर. मी एकदा विचारलं, मी कोण?

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शेवगा," म्हणाली. "शेंगा लागत्यात. चुलीत मातूर घालू नये."

उभ्या झाडाला तिनं कधी कोयता लावला नाही. यात पुण्याचा काही भाग नव्हता. उभं झाड सरकारचं, आडवं पडलं की खोड गुत्तेदाराचं आणि उरलं ते आपलं, असा तिचा साधा हिशेब होता, आणि तो ती कुठल्याही चौकीदाराला कमरेवर हात ठेवून ऐकवत असे. तिच्या एकटीच्या चुलीला एवढं लाकूड लागत नव्हतं. ते विकतही नव्हती. गल्लीत कुणी बाळंत झाली की तिच्या शेगडीचं लाकूड गौरव्वाकडून जायचं. ब्राह्मणाची असो, मुसलमानाची असो, कोष्ट्याची असो. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली सव्वा महिना शेगडी ठेवतात. शेगडीला धूर करणारं लाकूड चालत नाही आणि लवकर विझणारंही चालत नाही. तसलं लाकूड एक वर्ष आधी आणून वाळवावं लागतं. गौरव्वा ते वाळवून ठेवत असे. गल्लीत कुणाला दिवस गेले की ते कधी कधी नवऱ्याच्या आधी तिला कळे.

यमुनेला आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते इथंच करावं लागणार होतं. माघ महिन्यात. गौरव्वाची एक अख्खी चिंच परसात वाळत होती. ती कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मला विचारायचं सुचलं नाही.

मला सुचलं ते दुसरंच. या बाईचं मी काही देणं लागत होतो, ते फेडायचं होतं, आणि मला येत होतं ते एकच काम. मी एक दरखास्त लिहिली. तीन रात्री, छे, तीन संध्याकाळी बसून, उत्तम उर्दूत, मधून मधून फारसी घालून. सडकेवर पाडलेल्या झाडांच्या फांद्या गोरगरिबांना रीतसर मिळाव्यात, त्यांना कुणा चौकीदारानं अडवू नये, अशी विनंती केली. नुसती विनंती कोरडी वाटेल म्हणून एक उदाहरण घातलं: नळदुर्ग इथली एक निराधार विधवा, नाव गौरव्वा, वृद्धापकाळीही रोज लाकडं आणते आणि परसात रचून ठेवते. 'रचून ठेवते' यासाठी मी जो शब्द वापरला होता तो राजवाड्यातल्या खजिन्यासाठी वापरतात. तो जमला म्हणून मी स्वतःवर खूष होतो. दरखास्त तालुक्याच्या कचेरीत पाठवली आणि कुणाला बोललो नाही. उपकार गुप्त असावा, असंही मी कुठंतरी वाचलं होतं.

तोपर्यंत कचेरीला फांद्या दिसल्याच नव्हत्या. खोडांचा लिलाव झाला होता, खोडं मोजली होती, विषय संपला होता. माझ्या दरखास्तीनं त्यांना पहिल्यांदा कळवलं, की सरकारची काही मालमत्ता सडकेवर पडलेली आहे, आणि त्यातली बरीच नळदुर्गला गौरव्वा नावाच्या बाईच्या परसात आहे.

मार्गशीर्षात एका सकाळी दोन गाड्या, एक चौकीदार आणि चार हमाल आमच्या गल्लीत आले. चौकीदाराच्या हातात हुकूम होता. त्याला वाचता येत नव्हतं. गल्ली जमली तशी तो इकडेतिकडे बघू लागला, आणि मी ओट्यावर दिसलो.

"मास्टरसाब, जरा पढ के सुनाव," तो म्हणाला.

मी हुकूम हातात घेतला आणि मोठ्यानं वाचू लागलो. पडलेल्या झाडाचा तना, शाख, पत्ता, ढलपी, म्हणजे खोडापासून पानापर्यंत, सगळं सरकारचं. पुढच्या ओळीला माझी जीभ अडखळली. ती माझीच ओळ होती. खजिन्याचा शब्दही तसाच उचलला होता. मी माझं लिखाण पुष्कळदा लोकांना वाचून दाखवलं आहे, पण इतक्या लक्षपूर्वक ते कुणी ऐकलं नाही.

हमालांनी भिंतीएवढी रास गाड्यांत भरली. गौरव्वा उंबऱ्यावर बसून होती. भांडली नाही. गाड्या गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"वाचताना थांबला कशापाई?"

मी सांगून टाकलं. सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यापाशी त्याचा कागद असंल. वाचा की."

मी आतून नक्कल आणली आणि वाचली. तिला दखनी समजत होती, माझी उर्दू काय कळली असेल देव जाणे. पण मान हलवत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "लई गोड हाय. पेटतंय का?"

मी कागदाची घडी घातली.

"त्यातली चिंच तुमच्या बाईसाठी वाळत घातली व्हती," ती म्हणाली आणि घरात गेली.

बाजारात लाकूड जवळजवळ मिळत नव्हतं. लष्कराच्या कामाला सगळं जाई. मिळे ते ओलं, हिरवं, घरभर धूर करणारं. यमुनेला आठवा लागला होता आणि पाय सुजले होते. ती मला एक शब्द बोलली नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे मात्र तिनं एकदोनदा नीट बघितलं.

तिसऱ्या दिवशी गौरव्वा दारात आली. हातात कुदळ, खांद्यावर पहार. "मास्तर, त्या हुकमात काय काय व्हतं म्हणाला?"

"तना, शाख, पत्ता, ढलपी."

"मुळं?"

मी विचार केला. चौकीदारानं हुकूम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला होता, मला पाठ झाला होता. "मुळं नाहीत."

"नीट आठवून बगा. नक्की न्हाईत?"

"नाहीत."

"मग चला. ही कुदळ तुमची."

सडकेच्या कडेला वर्षा-दीड वर्षापूर्वी पाडलेल्या झाडांचे बुडखे तसेच जमिनीत सोडले होते, आतल्या आत वाळून गेलेले. ते उपटायचा त्रास गुत्तेदारानं घेतला नव्हता. त्या दिवसापासून मी पहाटे पुस्तकाऐवजी कुदळ घेऊन फिरायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी तासाभरात हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिसऱ्या दिवशी माझे विद्यार्थी सडकेवर रांगेनं बसून बघत होते, आणि वर्षभरात इतकी शांत बसलेली मी त्यांना पाहिली नव्हती. गौरव्वा माती उकरायची, मुळाची दिशा हातानं चाचपायची, आणि मला जागा दाखवायची. "हितं घाला. हितं न्हाय, हितं. हे मूळ हाय, त्यो तुमचा पाय हाय."

चौकीदार आला. "ये क्या चल रहा है?" मी सभ्यपणे सांगितलं की हुकुमात मुळांचा उल्लेख नाही. त्यानं हुकूम काढून मलाच वाचायला दिला. मी वाचला. नव्हताच. तो डोकं खाजवत विचारणा करायला गेला. त्या विचारणेचं उत्तर चैत्रात आलं.

मुळं निघाली. पहिल्या दिवशीची माझी मोळी मी स्वतः बांधली, दगडाला टेकवली, चुंबळ ठेवली, खाली बसलो. उठता येईना. पुन्हा बसलो. पुन्हा येईना. गौरव्वा आपली मोळी डोक्यावर घेऊन उभी राहून बघत होती.

"हात लावा," मी शेवटी म्हणालो.

तिनं आपली मोळी उतरवली, माझी वर करून दिली. मी हेलकावत उभा राहिलो. तोच मागून तिनं मोळीतलं सगळ्यांत जाड मूळ खसकन ओढून घेतलं. मी दोन पावलं तिरका गेलो.

"वाटा," ती म्हणाली. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा हसताना दिसली.

यमुना दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. सुईण म्हणाली, ऊब राहिली तर राहील. पौषातली थंडी, खोलीला एक खिडकी, तिला फळकुटाचं दार. चिंचेची मुळं पेटायला वेळ लावत, पण एकदा पेटली की राखेखाली लाल राहत. धूर नाही, आवाज नाही. गौरव्वा सकाळ-संध्याकाळ यायची. आमच्या घरचं पाणी ती पीत नसे, चहाही नाही. बाजेजवळ मांडी घालून बसून राख बाजूला सारायची, निखारा बघायची, राख पुन्हा वर ओढायची. मुलीकडे बघायचीही नाही. सगळा वेळ ती निखाऱ्याकडेच बघत असे.

एकदा यमुनेनं तिला विचारलं, गौरव्वा, तुम्हाला मूलबाळ?

"झालतं," ती म्हणाली. "माझी शेगडी इझली व्हती."

हे यमुनेनं मला फार उशिरा सांगितलं. सव्वा महिना झाला. मुलगी राहिली. शेगडी काढली त्या दिवशी गौरव्वानं पहिल्यांदा तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हिची जात बाभळीची. लई बोलंल." ते खरं झालं आहे.

पुढं राज्य बदललं. शाळा मराठी झाली. माझी बदली अणदूरला झाली, दोन कोसांवर. आम्ही तिकडे राहायला गेलो. सडकेनं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गौरव्वाचा निरोप यायचा, बहुधा एकच: मास्तरला म्हणावं, पोरीला शेवग्यासारखी करू नका.

गौरव्वा गेल्याचा निरोप एका सकाळी शाळेत आला. मी वर्ग सोडला. घरी न जाता सडकेला गेलो. तिथं वादळानं एक बाभूळ पाडली होती आणि लोक फांद्या नेत होते. माझ्या डोक्यात एकच होतं. या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेगड्यांना लाकूड नेलं. आज तिच्यासाठी तरी मी नेईन, आणि कुणाचा हात न लावता नेईन. मी मोळी बांधली, झाडाला टेकवली, खाली बसलो आणि उठलो. एका दमात. बघायला ती हवी होती.

दोन कोस चाललो. वाटेत एक गाडीवान म्हणाला, "अहो मास्तर, गाडीत टाका की ते." मी नको म्हणालो. टाकलं असतं तर उतरवताना त्याचा हात लागला असता. तो बराच वेळ गाडी माझ्या चालीनं हाकत, माझ्याकडे बघत राहिला. मी धोतर सावरत, चष्मा घामानं नाकावर घसरलेला, डोक्यावर काट्यांची मोळी घेऊन गल्लीत शिरलो तेव्हा सगळी गल्ली गौरव्वाच्या दारात होती. 

तिचा पुतण्या बसप्पा पुढं आला. चांगला समजूतदार माणूस. हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, हे कशापाई?"

"गौरव्वासाठी," मी म्हणालो.

त्यानं मोळीकडे पाहिलं. "आमच्यात पुरत्यात, मास्तर."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लिंगायतांत दहन करत नाहीत, हे मी इतिहासाच्या तासाला शिकवलेलं आहे. तिच्या शेजारी राहून दोन वेळा तशी यात्रा जातानाही पाहिली होती. सगळं ठाऊक असून मी दोन कोस ओझं वाहून, तिला आयुष्यात जिची गरज पडायची नव्हती अशी एकमेव मोळी घेऊन आलो होतो.

कुणी हसलं नाही. बसप्पानं हात वर करून मोळी उतरवून घेतली. म्हणाला, "असू द्या. माती देऊन आल्यावर आंघोळीला पाणी तापवावं लागतंच."

मी मोळीतलं सगळ्यांत चांगलं लाकूड ओढून काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. त्याला कळलं नाही. मागं उभ्या असलेल्या एका म्हातारीला कळलं. "घे रे, बसप्पा," ती म्हणाली. "तुजा वाटा हाय." त्यानं घेतलं.

गौरव्वाला अंगणात बसवलं होतं. पांढरं लुगडं, कपाळाला भरून विभूती, गळ्यात झेंडूच्या माळा, भोवती केळीच्या खुंटांचं मखर. मांडी घालून, सरळ. मला वाटलं होतं तिच्याकडे बघवणार नाही, पण बघवलं. बाजेजवळ बसायची तशीच बसली होती. फक्त आता बघायला पुढं काही नव्हतं.

मखर उचलायची वेळ झाली. चौघे खाली वाकले. मागच्या उजव्या बाजूचा माणूस म्हातारा होता, त्याचा खांदा लागेना. आणि मी धावलो. सवयीनं धावलो, विचार न करता, पहिल्या दिवशी धावलो होतो तसाच. दोन्ही हातांनी वर करून दिलं. या वेळी कुणी नको म्हणालं नाही.

मखर खांद्यांवर स्थिर झालं आणि गल्लीतून सडकेकडे निघालं. मी तिथंच उभा राहिलो. चौघांची पावलं पुढंमागं पडत होती, मखर हलत होतं, माळा हलत होत्या. तिची मान हलत नव्हती. मोळी घेऊन जाताना ती जशी धरायची, तशी, ताठ. वर फक्त ऊन होतं.